कोविडच्या काळात देशोदेशीचं स्थलांतर खरंच थांबलं होतं का?

थांबलं होतं, पण सगळ्यांचं नाही. आणि लोकांना जायचंच नव्हतं म्हणून तर मुळीच नाही. 'आकडे घसरले' एवढ्यावर हा विषय सोडून देणं मला पटत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या हिशोबाने 2020 मध्ये सुमारे 28 कोटी 10 लाख लोक स्वतःचा देश सोडून दुसरीकडे राहत होते. महामारी नसती तर 2020 च्या मध्यापर्यंत यात आणखी साधारण 20 लाखांची भर पडली असती. म्हणजे एकूण संख्या घटली नाही. अडकले ते नव्याने निघणारे. ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या गटात कायमचं राहायला येणाऱ्यांची संख्या त्या वर्षी 30 टक्क्यांहून जास्त घसरली.

पण जिथे माणसांवाचून अडत होतं, तिथे वाट निघाली. एप्रिल 2020 मध्ये सीमेवर निर्बंध असतानाही अ‍ॅस्परॅगस या भाजीच्या काढणीसाठी जर्मनीने रोमेनियातून खास विमानांनी मजूर आणले. कॅनडाने 13 फेब्रुवारी 2021 च्या एकाच एक्स्प्रेस एंट्री ड्रॉमध्ये (म्हणजे गुण पाहून स्थलांतरित निवडण्याच्या फेरीत) 27,332 जणांना कायम वास्तव्यासाठी अर्ज करायला बोलावलं आणि त्यासाठी किमान गुणांची अट थेट 75 इतकी खाली आणली. बाहेरून माणसं येत नव्हती, मग आधीच कॅनडात काम केलेल्यांना त्यांनी संधी दिली.

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते ती खलाशांची गत. 2020 च्या अखेरीस करार संपूनही जवळपास 4 लाख खलाशी जहाजांवरच अडकले होते. एका माणसाला सलग 11 महिन्यांपेक्षा जास्त जहाजावर ठेवू नये असा नियम आहे, तरी काहींचे 17 महिने झाले. बंदर समोर दिसतंय, पण उतरू देत नाहीत. आणि विमानं बंद, त्यामुळे बदली माणूसही पोहोचत नाही. जगाचं धान्य, औषधं हीच माणसं पोहोचवत होती. त्यांना 'अत्यावश्यक' ठरवायलाही कित्येक देशांनी महिनोन्‌महिने लावले, हे अक्षम्य आहे.

घरी येणाऱ्या पैशांचं मात्र वेगळंच झालं. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत परदेशातून येणारी रक्कम 20 टक्क्यांनी घटेल, असा अंदाज जागतिक बँकेने एप्रिल 2020 मध्ये दिला होता. प्रत्यक्षात घट अगदी थोडी झाली. लोकांनी पोटाला चिमटा काढून पैसे पाठवले. शिवाय येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती रोख देणं बंद झाल्याने बराच पैसा बँकेमार्फत जाऊ लागला आणि हिशोबात दिसला.

सीमा उघडल्यावर तुंबलेले अर्ज मार्गी लागले, कामगारांची टंचाईही होतीच. 2022 मध्ये ओईसीडी देशांत 61 लाख लोक कायमचे राहायला आले. तोवरचा हा उच्चांक होता, आणि यात युक्रेनचे निर्वासित धरलेलेच नाहीत.