नवीन आणलेलं कोरल (प्रवाळ) खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये सोडण्याआधी नुसतं डिप केलं, म्हणजे औषधाच्या पाण्यात बुडवलं, तर पुरतं का? कुठलं डिप चांगलं?

नाही पुरत. त्यामुळे कुठलं डिप चांगलं हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा.

तुम्ही लिहिलंय की टँक स्थिरावलाय, आता पहिल्यांदाच झोआ आणि मशरूम (दोन्ही मऊ कोरल) आणताय, आणि दुकानदार म्हणतो, 'दहा मिनिटं डिप करा आणि बिनधास्त सोडा.' दुकानदाराचं काय जातंय? कोरल त्याच्या दारातून बाहेर पडलं की पुढचं सगळं तुमच्या गळ्यात.

डिपने मरतात किंवा सुटून खाली पडतात ते हलणारे किडे. अंडी मरत नाहीत. पावसाळ्यात तांदळाला टोके लागले की आपण तांदूळ उन्हात घालतो, टोके पळतात, आणि पंधरा दिवसांनी डबा उघडला की परत टोके, तसलाच प्रकार. अंड्यांच्या आवरणातून भरवशाने आत जाईल अशी बाटली अजून तरी कुणी विकत नाही, लेबलवर काहीही छापलेलं असो. हे मी इतक्या जणांना सांगून झालंय, आणि त्यातल्या एकाला तर इतक्यांदा, की आता आमचा विषय हवापाण्याच्या पुढे जात नाही.

तो माझा मुलुंडचा मित्र. टँक माझ्या दुप्पट, चिलर परदेशी, लाइट असे की खिडकीतून निळा उजेड रस्त्यावर पडतो, आणि आमच्या टँकवाल्यांच्या ग्रुपवर फोटो. एका मे महिन्यात आम्ही दोघांनी भागीत झोआची एक कॉलनी घेतली. हिरवी झालर, मधे केशरी तोंड, मुठीएवढा दगड. एकट्याने घ्यायची म्हटली तर दोघांच्याही घरी भांडण झालं असतं. त्याच्याकडे बसून दगडाचे दोन भाग केले, त्याच्याच बादलीत, त्याच्याच बाटलीतल्या औषधात, एकाच वेळी दोन्ही तुकडे बुडवले. खाली दोन-चार बारीक किडे पडले, ते बघून तो खूश. 'बघ, साफ!' त्याचा अर्धा त्याच रात्री मेन टँकमध्ये गेला आणि ग्रुपवर फोटोही गेला. माझा अर्धा थर्मोकोलच्या पेटीतून लोकलने परळला आला.

आमच्याकडे पाइप गॅस आल्यापासून ओट्याखाली सिलिंडरची जागा रिकामी आहे. तिथे माझा क्वारंटाइनचा टब असतो. बायकोच्या मते सिलिंडर बरा होता, निदान रात्री बुडबुड आवाज करत नव्हता. टबात फार काही नाही: सँपमध्ये (मेन टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत) आधीपासून ठेवून मुरवलेला स्पंज फिल्टर, पाणी फिरवायला एक छोटा पॉवरहेड, क्लिपचा लाइट. तळाला वाळू नाही, दगड नाही. हे मुद्दाम, कारण काय गळून पडलं ते दिसलं पाहिजे. पाणी मेन टँकचंच, बदलताना काढलेलं.

सुरुवातीला सगळे पॉलिप (झोआची एकेक फुलासारखी तोंडं) छान उघडले. मग एका कडेचे बंद राहायला लागले. ग्रुपवर विचारलं तर उत्तरं ठरलेली: सेटल होतंय, लाइट कमी कर, फ्लो वाढव. मी रात्री लाइट गेल्यावर टॉर्च घेऊन ओट्याखाली आडवा झालो. थोड्या वेळाने एक पॉलिप चालायला लागला.

झोआ खाणारा न्यूडीब्रँक (समुद्री गोगलगाय, शंख नसलेली) ज्यांनी पाहिलेला नाही त्यांना हे पटत नाही. हा प्राणी ज्या झोआवर जगतो त्याचाच रंग घेतो. खाल्लेल्या झोआतलं शैवाल आणि रंगद्रव्य तो अंगात साठवतो, आणि पाठीवरचे झुपके हुबेहूब झोआच्या झालरीसारखे दिसतात. दिवसा तो पॉलिपच्या देठाशी बसला तर दुकानदार काय, तज्ज्ञही चकेल. दगड उलटा केला तर खालच्या खाचेत अंड्यांचं पांढरं वेटोळं. ती खाच बादलीत नीट बुडालेली होती, मी स्वतः धरली होती.

चिमट्याने सगळे काढले, वेटोळं खरवडलं, दर आठवड्याला परत डिप. शेवटी जुना दगडच फेकून दिला आणि पॉलिप सोडवून जेलवाल्या सुपरग्लूने नव्या प्लगवर (कोरल बसवायच्या छोट्या चकतीवर) चिकटवले. तुम्हालाही हेच सांगेन: ज्या प्लगवर किंवा दगडावर कोरल आलंय तो शक्य असेल तर घरात ठेवूच नका. अंडी, आयप्टेशियाची (टँकभर पसरणाऱ्या उपद्रवी समुद्रफुलाची) पिल्लं, बबल अल्गी (फुग्यांसारखं शेवाळ), बरंचसं त्या दगडाच्या भोकांत असतं.

त्याच रात्री मुलुंडला फोन केला. उत्तर आलं, 'माझ्याकडे काही नाही, मी डिप केलंय.' मी म्हटलं, मीही केलंय, तुझ्याच बादलीत. पावसाळा संपेपर्यंत त्याची झोआची अख्खी बाग गेली, आणि ग्रुपवर त्याने काय लिहावं? 'परळच्या तुकड्याबरोबर आले.' अरे, परळचा तुकडा मुलुंडला गेलाच कधी? कॉलनी एक, बादली एक, औषध एक. फरक एवढाच की माझ्याकडची अंडी रिकाम्या टबात फुटली आणि त्याच्याकडची हजारोंच्या झोआत. याच्या पलीकडे पुरावा काय द्यायचा?

त्याची दोन वाक्यं पाठ आहेत मला. पहिलं, 'समुद्रात कोण क्वारंटाइन करतं?' समुद्रात त्या न्यूडीब्रँकला खाणारेही असतात, आणि तिथे शंभर झोआ तीन फुटांच्या काचेत कोंबलेले नसतात. दुसरं, 'सिक्सलाइन रास ठेव, तो सगळं साफ करतो.' हा छोटा मासा दिवसा दिसतील ते बारीक किडे टिपतो हे खरं. पण तो रात्री झोपतो, दगडाखालच्या अंड्यांपर्यंत पोचत नाही, आणि नंतर आणलेल्या प्रत्येक शांत माशाचा छळ करतो.

आता तुमची बाटली. आयोडीनचं, वनस्पतितेलांचं, पोटॅशियमचं, ज्याचं मिळेल ते घ्या. वेळ आणि मात्रा लेबलवरची. टँकचंच पाणी, तापमान तेच, डिप चालू असताना सिरिंजने किंवा पिपेटने जोरात फवारे मारा, नंतर स्वच्छ मिठाच्या पाण्यात विसळा, आणि डिपचं पाणी थेट मोरीत. काही जण बागेतलं कीटकनाशक इमिडाक्लोप्रिड वापरतात. किडे मरतात, पण नीट विसळलं नाही तर तुमचे कोळंबी-खेकडेही मरतात. माझ्या ओट्याखाली ते येणार नाही.

डिप एकदा नव्हे, दर पाच-सात दिवसांनी, चार वेळा तरी. म्हणजे आधीची अंडी फुटून बाहेर आलेले किडे नवी अंडी घालायच्या आत सापडतात. टबात किमान सहा आठवडे. माशांच्या आयकची (अंगावर पांढरे ठिपके आणणाऱ्या परजीवीची) भीती असेल तर आणखी थांबा: त्याची गाठ दगडावर चिकटून येऊ शकते, आणि मासे नसलेल्या पाण्यात 76 दिवस हा रीफवाल्यांमधला रूढ आकडा आहे.

आयप्टेशिया दिसला तर कापू नका, प्रत्येक तुकड्याचा नवा होतो. त्यावर पेपरमिंट कोळंबी सोडणार असाल तर पाठीला कुबड आणि अंगावर ठळक पांढरे पट्टे-ठिपके आहेत का बघा. ती कॅमल कोळंबी, पेपरमिंटच्या नावाने सर्रास खपते आणि झोआच खाते. ब्रिसल वर्म (अंगावर काटेरी केस असलेला किडा) दिसला म्हणून घाबरून टब रिकामा करू नका, तो बहुतेक वेळा सफाई कामगार असतो.

टबाचे तोटेही आहेत. पाणी थोडं असल्यामुळे मुंबईच्या मे महिन्यात ते बघता बघता 30 अंशांच्या वर जातं, पंखा लावला तर बाष्पीभवनाने खारटपणा चढतो. रोज आरओचं पाणी घालून खारटपणाचं माप (विशिष्ट गुरुत्व) 1.025 राखता येत नसेल तर किड्यांआधी तुम्हीच कोरल माराल. झोआ आणि मशरूम दर आठवड्याचं डिप सोसतात, अॅक्रोपोरासारखी नाजूक कोरल नाही सोसत, त्यांचं वेळापत्रक वेगळं.

झोआ कापताना हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. काही झोआ आणि त्यांच्या भाऊबंद पॅलिथोआत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं, जखमेतून किंवा डोळ्यांत गेलं तर हॉस्पिटल. दगड साफ करायला उकळायचा सल्ला कुणी दिला तर तो माणूस कायमचा सोडा. ती वाफ घरातल्या सगळ्यांना आजारी पाडते.

आणि ओहोटीला हाजीअलीच्या खडकांवर झोआ फुकट दिसतात म्हणून उचलून आणू नका. दगडी कोरल तर सगळीच्या सगळी 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. कोस्टल रोडच्या वेळी, 2020 मध्ये, तिथली आणि वरळीची कोरल हलवायला पालिकेलाही वनखात्याची परवानगी घ्यावी लागली होती. दुकानात दगडी कोरल दाखवलं तर आधी कागद मागा.

बाकी डिपच्या ब्रँडवरून इथे कमेंटमध्ये कुणाला भांडायचं असेल, मुलुंडकरांसकट, तर आधी अंड्यांचं काय करता ते लिहा.