१५ ऑगस्ट १९४७ ला साजरं करण्यासारखं खरंच काही होतं का?

तुम्ही विचारलंय की फाळणीत लाखो माणसं मेली, देश कंगाल होता, इंग्रजांनी निदान रेल्वे तरी दिली, मग आनंद नेमका कशाचा.

प्रश्न चुकीचा नाहीये. गांधीजी स्वतः त्या दिवशी कलकत्त्यात बेलियाघाटला होते, उपास आणि सूतकताई करत. पंजाबातल्या कित्येक गावांना तर आपण कुठल्या देशात आलो हेच माहीत नव्हतं, दोन देशांमधली सीमा, म्हणजे रॅडक्लिफची रेषा, जाहीर झाली १७ ऑगस्टला. ज्यांची घरंदारं गेली त्यांना साजरं करा म्हणायचा हक्क कुणालाच नाही.

पण मी साजरं करतो, अगदी मनापासून. माझी आजी मराठवाड्यातली, म्हणजे निजामाचं राज्य, तिथं १५ ऑगस्टला काही म्हणजे काही बदललं नाही, उलट तिरंगा लावला की पोलीस उचलायचे आणि रझाकारांची, म्हणजे निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्यांची, भीती वेगळीच. तिच्या वडिलांनी शिवून घेतलेला झेंडा ज्वारीच्या कणगीत तळाशी घालून ठेवला होता, नवीन ज्वारी आली तरी तिथंच, आणि बायकांना ताकीद की तळापर्यंत हात घालायचा नाही. तेरा महिने. १७ सप्टेंबर १९४८ ला निजाम शरण आला तेव्हा तो बाहेर काढला, झटकला तर नुसता भुसा उडाला. हे सांगताना आजी दरवेळी पदर झटकून दाखवायची. (निजामाला शरण आणणाऱ्या भारतीय फौजेच्या कारवाईनंतर तिकडे निरपराध मुसलमानांच्या कत्तली झाल्या, हेही सांगायलाच हवं, आजी तेवढ्यावर गप्प व्हायची.)

रेल्वेचं म्हणाल तर ती बांधणाऱ्या इंग्रज कंपन्यांना ५ टक्के नफ्याची हमी होती आणि कमी पडलेले पैसे आपल्याच करातून जायचे. १९४३ ला बंगालमध्ये दुष्काळात ३० लाखांच्या आसपास माणसं गेली आणि त्या सरकारला जाब विचारायची सोयच नव्हती, कारण खरी सत्ता लंडनच्या सरकारकडे, आणि त्याला निवडून दिलं होतं तिकडच्या लोकांनी. माझ्यासाठी सगळा मुद्दा इथंच आहे. आपले राज्यकर्ते काही देव नव्हते, पण १९७७ ला लोकांनी त्यांना घरी बसवलंच ना!

निवडणुका इंग्रजांच्या काळातही व्हायच्या, पण मत कुणाला, तर ज्याच्याकडे जमीन, जो कर भरतो, जो शिकलाय. १९५१ ला साक्षरता जेमतेम १८ टक्के होती आणि तरी पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत २१ वर्षांच्या वरच्या सगळ्यांना मताचा हक्क दिला, १७ कोटींहून जास्त मतदार, वाचता येत नाही म्हणून प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि तिच्यावर चिन्ह. यादी करताना उत्तरेकडे लाखो बायका स्वतःचं नावच सांगेनात, अमक्याची आई, तमक्याची बायको एवढंच. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन अडून बसले की नाव तिचं स्वतःचंच पाहिजे, आणि त्यात जवळपास २८ लाख नावं यादीतून गेली. वाईट झालंच, पण सरकारी माणूस दारात येऊन बाईला विचारतोय की बाई तुझं नाव काय, नवऱ्याचं नको, हे त्याआधी कधी झालं होतं सांगा.

आजीनं तेव्हाच पहिलं मत टाकलं. अक्षर ओळख नव्हती, चिन्ह बघून टाकलं. कुठल्या पेटीत, ते तिनं आजोबांना शेवटपर्यंत सांगितलं नाही, आणि आम्हालाही नाही.