दोनशिक्षकी मराठी शाळेत ‘जागतिक नागरिकत्व आणि समता’ शिकवायची कशी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातली कनिष्ठ प्राथमिक मराठी शाळा, पहिली ते पाचवी मिळून २४ मुलं, शिक्षक दोन, आणि या विषयावर वर्षभर काहीतरी करा असं वरून सांगितलंय. सुरुवात कुठून करायची?

देशोदेशीचे झेंडे आणि वेशभूषा यांपासून तर नकोच. फोटो झकास येतात, पण मुलांच्या हाती काही लागत नाही. आधी झाडू आणि कळशी, जग त्याच्यानंतर.

पहिला आठवडा काहीच शिकवू नका, वहीत नुसत्या खुणा करा. केर कोण काढतं, पाणी कोण भरतं, परिपाठाला पुढे कोण उभं राहतं, बिसिऊटाच्या (शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या) पंगतीत कोण कुणाच्या शेजारी बसतं, आणि कार्यालयातून रजिस्टर आणायला तुम्ही स्वतः कुणाला हाक मारता. शेवटच्या खुणा मोजताना बहुतेक शिक्षक ओशाळतात.

मग पाळीची चकती करा. पुठ्ठ्याची एक मोठी चकती, तिच्यावर एक लहान, मध्ये टाचणी. मोठीवर सहा कामं, लहानीवर चार-चार मुलांचे सहा गट. दर सोमवारी एक घर सरकवायचं. सहा आठवड्यांत प्रत्येक गट प्रत्येक काम करून मोकळा होतो. हजेरीपटावर मुलगे वर आणि मुली खाली असतील तर त्या क्रमानं गट पाडू नका, नाहीतर मुलांचे वेगळे आणि मुलींचे वेगळे गट आपोआप पडतात. शौचालयाची सफाई चकतीवर घालायचीच नाही. ते मुलांचं काम नव्हे, आणि गावात ते कुणाच्या माथी येतं हे पहिलीतल्या पोरालाही ठाऊक असतं.

गाडी अडते ती दुसऱ्या आठवड्यात. मुलगा केर अर्धवट काढतो आणि एखादी मुलगी “दे इकडं, तुला जमत नाही” म्हणून झाडू हिसकावते. काम लवकर उरकतं म्हणून आपण गप्प बसतो. तसं करू नका. झाडू परत त्याच्या हातात द्या आणि कोपऱ्यापासून दाराकडे कसं ओढायचं ते दाखवा. “आमच्या पोराला झाडायला लावता काय?” ही तक्रार येणारच, म्हणून ती यायच्या आधी एसडीएमसीच्या, म्हणजे पालकांचा सहभाग असलेल्या शाळा समितीच्या, बैठकीत चकती मांडा आणि सगळ्यांची पाळी सारखी आहे हे दाखवा.

सगळ्यांना सारखं दिलं म्हणजे समता झाली, हा गैरसमज पाण्याच्या नळापाशी सुटतो. टेपनं नळाची उंची मोजा, मग पहिलीच्या मुलांचा हात कुठवर पोचतो ते मोजा. नळ सगळ्यांना एकच, तरी पाणी सगळ्यांना नाही. तिथं एक पायरी ठेवली की पाचवीच्या मुलांचं काय बिघडतं, एवढंच विचारा. पुढचं मुलंच बोलतात.

चौथी-पाचवीला गणिताच्या पुस्तकातली शाब्दिक उदाहरणं मोजायला द्या: पैसे कोण मोजतं, भाजी कोण आणतं, शेत कुणाचं. मग नावं उलटीपालटी करून पाच उदाहरणं नव्यानं लिहायची. १९४८च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ निघू शकणारा इंग्रजी शब्द बदलून ‘सर्व माणसं’ असा करून घेणाऱ्या हंसा मेहता भारतीय होत्या, हे सांगायला इथं जागा मिळते.

आता जग. टेबलावर बटाटा, मिरची, शेंगदाणे, मका, रताळं आणि काजू ठेवा. यातलं आपलं कुठलं? सगळंच, असं उत्तर येतं. मुळात हे सगळं अमेरिका खंडांतलं आहे. पोर्तुगीजांनी गोवा १५१० साली घेतलं, आणि गोवा इथून घाट उतरला की आलंच. ‘बटाटा’ आणि ‘काजू’ हे शब्दही त्यांच्याकडूनच आलेले. नकाशावर तांबड्या लोकरीचे धागे लावा. “मग आपला जोंधळाच खरा,” असं कुणीतरी म्हणेल. तोही हजारो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आला. इथं मुलं जरा हिरमुसतात, म्हणून हिरवा धागा तयार ठेवा: मिरी आपल्या पश्चिम घाटातली, तूर भारतातली, आणि दोन्ही जगभर गेल्या. नुसते तांबडे धागे लावले तर धडा ‘परकं काय काय’ या यादीवर येऊन थांबतो.

सीमाभागातल्या शाळेला सगळ्यात मोठा धडा मात्र भाषेचा. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकायची सोय असावी, हे संविधानाचं ३५०-अ कलम १९५६ साली आलं. ते तुमच्या शाळेला लागू आहे, तसंच सांगली जिल्ह्यात जतकडच्या कन्नड शाळांनाही. आपण इथं थोडे, ते तिथं थोडे. अशा एका शाळेशी पोस्टकार्डांची देवाणघेवाण करा. तिथल्या मुख्याध्यापकांशी आधी फोनवर बोलून घ्या. कार्डावर तीन प्रश्न पुरेत: घरी काय बोलता, शाळेत काय बोलता, कुठली भाषा बोलताना अडखळता? चार ओळी मराठीत, दोन कन्नडमध्ये. चुका तुम्ही दुरुस्त करू नका. पत्ता शाळेचाच, घराचा नको.

वेळ साधा. आपली शाळा जूनच्या सुरुवातीला भरते, त्यांची साधारण जूनच्या मध्याला; आपल्याला सुट्टी दसऱ्याची, त्यांना दिवाळीची. ऑक्टोबरात टाकलेली कार्डं दोन्हीकडच्या सुट्ट्यांत अडकतात आणि मुलांचा रस जातो, म्हणून जुलैतच पाठवा. एक नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटकच्या स्थापना दिनाच्या, आसपास मोठ्यांचे सीमाप्रश्नावरचे वाद वर्गात येऊ लागले तर त्यांवर भाषण नको, आलेली कार्डं पुन्हा मोठ्यानं वाचून घ्या. वाचताना कुणाच्या उच्चाराला हसू फुटलं तर पुढचं कार्ड तुम्ही घ्या आणि त्यातल्या कन्नड ओळी अडखळत वाचा.

चोवीस कार्डांना अठराच उत्तरं आली तर ती नावानिशी वाटू नका. फळ्याशेजारी दोरी बांधून सगळी एकत्र लटकवा, कुणाच्या वाट्याला आलंच नाही असं व्हायला नको.