दुकान गहाण ठेवून इलेक्ट्रिक टॅक्सी घ्यावी का?

प्रश्न : सिंहगड रस्त्यावर आमचं छोटं किराणा दुकान आहे. दहा मिनिटांत घरपोच देणारी अ‍ॅप आल्यापासून दूध, ब्रेड, बिस्किटांचं सुटं गिऱ्हाईक निम्म्यावर आलंय. मुलगा २६ वर्षांचा आहे. तो म्हणतो, दुकानात आता राम नाही. ते तारण ठेवून इलेक्ट्रिक गाडी घेऊ आणि टॅक्सीला लावू. ह्यांना पटलंय. मला मात्र झोप लागत नाही.
– एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, गाडी घ्यायला माझी हरकत नाही. दुकान तारण ठेवायला आहे.

सहकारी बँकेत वाहनकर्जाच्या टेबलावर मी बावीस वर्षं काढली. २०१५-१६च्या सुमाराला ओला-उबरसारख्या अ‍ॅपवर टॅक्सी लावायला कर्ज मागणाऱ्या पोरांची रीघ लागायची. प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये कुणातरी मित्राच्या कमाईचा फोटो. आकडा खरा असायचा, पण त्यात भाड्याबरोबर अ‍ॅप कंपनीचा इन्सेन्टिव्ह, म्हणजे वरचा बोनसही मोठा असायचा. तो आटला आणि हप्ते थकले. एका मुलाने गाडीची चावी माझ्या टेबलावर ठेवली, शेजारी डॅशबोर्डवरचा गणपती ठेवला. मग गणपती तेवढा परत उचलून खिशात घातला आणि गेला. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबईतले चालक संपावर गेले, ते कमाईच्या याच दुखण्यापायी.

मुलगा म्हणेल, आता काळ बदललाय. खरं आहे. काही टॅक्सी अ‍ॅप कमिशनऐवजी ठरावीक पैसे घेतात आणि भाडं पूर्ण चालकाच्या हातात पडतं. इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटीही ५ टक्केच आहे. तरी कागद घ्या आणि त्याला समोर बसवा.

रोज १५० किलोमीटर, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ३,९०० किलोमीटर. सीएनजीला किलोमीटरमागे ४ रुपये धरा. इलेक्ट्रिकला घरी चार्ज केली तर दीड, बाहेरच्या फास्ट चार्जरवर ३. कर्ज इलेक्ट्रिकला १० लाख, सीएनजीला ६ लाख. व्याज १० टक्के, मुदत पाच वर्षं. हप्ते बसतात २१,२४७ आणि १२,७४८ रुपये, म्हणजे इलेक्ट्रिकचा साडेआठ हजारांनी जड. घरी चार्जिंग असेल तर महिन्याला ९,७५० वाचतात आणि फरक भरून निघतो. बाहेर वाचतात फक्त ३,९००. शिवाय चार्जरपुढच्या रांगेत भाडी बुडतात ती वेगळीच.

म्हणजे गाडं अडतं तुमच्या पार्किंगपाशी. तिथे तुमची हक्काची जागा आहे का? सोसायटी चार्जिंगसाठी मीटर बसवू देईल का? हे लेखी हातात येईपर्यंत शोरूमची पायरी चढू नका. तोवर मुलाने तीन महिने दुसऱ्याची इलेक्ट्रिक टॅक्सी शिफ्टवर चालवावी आणि रोजची कमाई दुकानाच्याच वहीत लिहावी.

दुकान चालू ठेवा. सुटं गिऱ्हाईक गेलं असेल, पण महिन्याची यादी आणि खात्यावरची जुनी घरं सांभाळा. व्हॉट्सअ‍ॅपवर यादी घ्या, संध्याकाळी माल पोचवा. गाडी गॅरेजला उभी राहील त्या महिन्यात घर याच गल्ल्यावर चालेल.

आणि एक. वाहनकर्जाला तारण म्हणून गाडीच पुरते. बँकेने वर दुकानाचे कागद मागितले, तर मुलाच्या कमाईवर तिचा भरवसा नाही असं समजा आणि कागद पिशवीत घालून घरी या.