‘जाऊन बोलू तरी काय?’

यवतमाळ जिल्ह्यातील एका ग्रामीण रुग्णालयात समुपदेशनाचे काम करताना एक अडचण मला अनेकांच्या तोंडून ऐकायला मिळते. दुःखात असलेल्या माणसाकडे जावेसे वाटते, पण काय बोलावे ते सुचत नाही. आणि भलतेच काही बोलून बसण्यापेक्षा न गेलेले बरे, असे म्हणता म्हणता महिने निघून जातात. पुढील अनुभव अशाच एका बाईंचा आहे. त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून तो लिहीत आहे.

त्या आल्या होत्या झोप लागत नाही म्हणून. चाळिशी ओलांडलेली, घरची कोरडवाहू शेती, घरात सासू आणि शिकणारी दोन मुले. पहिल्या भेटीतले सगळे बोलणे कापसाच्या भावाभोवती फिरले. दुसऱ्या भेटीत निघता निघता त्या दारापाशी थांबल्या आणि खरे दुखणे बाहेर आले. भिंतीला भिंत लागून असलेल्या घरातल्या शेजारणीच्या नवऱ्याने दिवाळीच्या तोंडावर आत्महत्या केली होती. तेराव्याला या जाऊन आल्या. त्यानंतर मात्र त्या उंबऱ्यात त्यांनी पाऊल टाकले नव्हते. ज्या शेजारणीबरोबर वर्षानुवर्षे वेचणीला गेल्या, तिचे दार लागू नये म्हणून त्या आता गावामागून फेरा घालून शेतावर जात होत्या. "मले पाहून थे रडली, तं मी काय बोलू, मॅडम?" एवढे म्हणून त्या स्वतःच रडू लागल्या.

यात माया कमी नव्हती, हे मला इथे ठामपणे सांगायचे आहे. टाळणारा माणूस बहुतेक वेळा निष्ठुर नसतो, तो घाबरलेला असतो.

मी त्यांना विचारले की, पूर्वी तुमचे एकमेकींकडे येणे-जाणे कशाच्या निमित्ताने होत असे. विशेष काही नाही, असे सुरुवातीला म्हणून त्या हळूहळू सांगू लागल्या : पौषात तुरीच्या शेंगा भरल्या की ज्या घरी आधी सोले, म्हणजे तुरीचे ओले दाणे, निघत, तिथून दुसऱ्या घरी वाटीभर भाजी जायची. मग यंदाही तेवढेच करा, मी म्हटले. बोलायचे काही ठरवून जाऊ नका. त्यांना ते पटले नाही. शेजारणीच्या घरावर कर्ज, तिच्या पदरात दोन लेकरे, आणि आपण वाटीभर भाजी घेऊन जायचे, याची त्यांना लाज वाटत होती.

ही लाज फार जणांना अडवते. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2022 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शिकागोमधील बर्फावर स्केटिंग करण्याच्या मैदानात, कडाक्याच्या थंडीत, काही लोकांनी अनोळखी माणसांना गरम चॉकलेटचा एकेक पेला दिला. देणाऱ्यांना आपली कृती किरकोळ वाटली, तर घेणाऱ्यांना ती देणाऱ्यांच्या अंदाजापेक्षा बरीच मोठी वाटली. देणारा वस्तूची किंमत धरतो. घेणाऱ्यापर्यंत त्यामागची ऊबही पोहोचते. हे मी त्यांना माझ्या शब्दांत समजावून सांगितले आणि आणखी एक विनंती केली : वाटी लगेच रिकामी करून परत आणू नका, तिथेच राहू द्या.

या विनंतीमागे माझा अनुभव होता. आपल्याकडे शेजाऱ्याचे भांडे रिकामे परत पाठवत नाहीत. त्या शेजारणीला गेले दोन महिने सगळे जण देतच होते. कोणी धान्य, कोणी साडी, आणि देताना कोणी फोटोही काढून नेले. तिच्या हातून घेणारे मात्र कोणी उरले नव्हते. केवळ घेत राहावे लागणे माणसाला किती खचवते, हे मी या कामात पुन्हा पुन्हा पाहिले आहे. म्हणून ज्या चांगुलपणात परतफेडीला जागा आहे, तो मला अधिक मोलाचा वाटतो.

एक गोष्ट मात्र मी त्यांच्याकडून वदवून घेतली. शेजारीण ‘आता जगावेसे वाटत नाही’ असे काही म्हणाली, तर विषय बदलायचा नाही. जीव देण्याचा विचार मनात येतो का, असे सरळ विचारायचे, कारण विचारल्याने तो विचार मनात भरत नाही. त्या वेळी तिला एकटी सोडायचे नाही, आशाताईंना कळवायचे आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या 14416 या मोफत क्रमांकावर फोन लावायचा. तो दिवसरात्र चालू असतो.

तिसऱ्या भेटीत त्यांनी झालेले सांगितले. दारात उभे राहून ‘मीठ कमी पडलं असंन’ एवढेच त्यांच्या तोंडून निघाले. शेजारीण रडली, याही रडल्या, आणि दोघी बराच वेळ चुलीजवळ न बोलता बसून राहिल्या. झोप अजून पुरती आलेली नव्हती. रात्री मध्येच जाग येई.

चार दिवसांनी शेजारणीची मुलगी वाटी घेऊन आली. वाटीत जवसाची चटणी होती, आणि आईचा निरोप होता : "काकू, उद्या येचाले कितीक वाजता निघता?"