जुना एक्स्चेंज सर्व्हर नीट चालतोय, तरी मायक्रोसॉफ्ट त्याची मेल का अडवतंय?

तुम्ही विचारलंय की ऑफिसातला एक्स्चेंज २०१३ (मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर) व्यवस्थित चालू असताना एक्स्चेंज ऑनलाइन (मायक्रोसॉफ्टची क्लाउडवरची मेल सेवा) त्याची मेल का अडवतंय, आणि हे बंद कसं करायचं.

चालू आहे हे खरं, पण त्याचा सपोर्ट ११ एप्रिल २०२३ला संपला, म्हणजे नव्या त्रुटींवर दुरुस्ती मिळत नाही. हायब्रिड असेल, म्हणजे ऑफिसातला सर्व्हर आणि ऑनलाइन सेवा जोडलेली असेल, तर तुमच्या कनेक्टरमधून (या दोघांना जोडणाऱ्या वाटेतून) आलेली मेल एक्स्चेंज ऑनलाइन घरची म्हणून आत घेतं. उद्या त्या सर्व्हरमध्ये कोणी घुसलं, तर त्याचीही मेल घरचीच ठरते. मार्च २०२१मध्ये एक्स्चेंजमधल्या त्रुटींतून जगभरचे सर्व्हर फोडले गेले होते, ते आठवा. त्यामुळे ही अडवणूक मला योग्यच वाटते.

ती एका दिवसात होत नाही. पहिले ३० दिवस नुसती रिपोर्टमध्ये नोंद. पुढचे ३० दिवस दर तासाला काही मिनिटं मेल रोखतात. मग काही मिनिटं परतच पाठवायला लागतात, आणि ९० दिवसांनी सगळं बंद. वर्षातून ९० दिवस स्थगिती घेता येते.

फसगत मधल्या टप्प्यात होते. इंदूरला सियागंजातल्या एका पेढीचा सर्व्हर मी सांभाळायचो. हिशेब बघणारे काका म्हणायचे, "अरे, सव्वादहाचं बिल पावणेअकराला पोचलं, आणि त्याच्या मागचं लगेच गेलं!" मी आठवडाभर इंटरनेटची लाइन तपासत बसलो. शेवटी क्यू (पाठवायच्या मेलची रांग) उघडून एरर वाचली: ४५० ४.७.२३०, सर्व्हरची आवृत्ती जुनी. ४५० असेल तर सर्व्हर पुन्हा प्रयत्न करतो, मेल उशिरा का होईना जाते. ५५० आली की परत आलीच म्हणून समजा. तुम्हीही आधी क्यूच बघा.

स्थगिती घ्या, पण जुना सर्व्हर सोडायचं काम सुरू करूनच. मेलबॉक्स ऑनलाइन नेणं त्यामानाने सोपं. खरा गुंता त्या सर्व्हरमधून परस्पर मेल पाठवणाऱ्या यंत्रांचा: स्कॅनर, हिशेबाचं सॉफ्टवेअर. रिसीव्ह कनेक्टरचं (सर्व्हर मेल घेतो त्या वाटेचं) लॉगिंग, म्हणजे नोंद ठेवणं, चालू करा आणि कुठल्या आयपीवरून (यंत्राच्या नेटवर्क पत्त्यावरून) मेल येते ते लिहून काढा. आमच्याकडे गोदामातल्या वजनकाट्याचा कॉम्प्युटर रोज रात्री पावत्या पाठवायचा, हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. लॉग निदान महिनाभर तरी ठेवा, पगाराच्या स्लिपा महिन्यातून एकदाच जातात.