सायकल ट्यूबलेस करतोयस? आधी टेप नीट लाव

साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या जांभ्या दगडांवरून सायकलने उड्या मारायच्या तर टायर ट्यूबलेस कर, म्हणजे आतली ट्यूबच काढून टाक, बिनधास्त. हवा कमी ठेवता येते, ट्यूब रिमखाली चिमटून पंक्चर व्हायची कटकट संपते. फक्त टायर आणि रिम दोन्ही ट्यूबलेस-रेडी आहेत ना, ते आधी बघ.

सगळा खेळ रिमच्या आतली स्पोकची भोकं बंद करणाऱ्या टेपचा आहे, गड्या. टेप रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा दोन-तीन मिमी जास्त हवी. रिम स्पिरिटने पूस, टेप ताणून दोन वेढे मार, अंगठ्याने बुडबुडे काढ. व्हॉल्व्हचं भोक ब्लेडने कापू नकोस, चीर वाढत जाते. तापवलेल्या खिळ्याने पाड. मी पहिल्यांदा घाईत ब्लेड चालवलं आणि रात्रभर पार्किंगमध्ये सीलंट, म्हणजे टायरमधली भोकं बुजवणारं पांढरं द्रव, ठिबकत राहिलं. आईने विचारलं, दूध सांडलं का?

टायरच्या कडेला साबणपाणी लाव, व्हॉल्व्हची कोर (आतला काढता येणारा भाग) काढ आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने हवा मार. टक-टक आवाज आला की कड बसली. मग २९ इंची टायरला साधारण १०० मिली सीलंट. उन्हाळ्यात ते लवकर सुकतं, दोन महिन्यांनी तपास.

सत्तर किलोच्या माणसाला पुढे २३, मागे २६ पीएसआयपासून सुरुवात कर. रिम दगडावर आपटली तर दोन वाढव. आणि बॅगेत एक ट्यूब असू दे. बाभळीचा काटा सीलंट बुजवतं, टायरची फाटलेली बाजू (साइडवॉल) नाही.